उसन्या वाकळांचे मालक

आमच्या घरात पाणी एकदाच वापरून सांडलं, तर सासू असं बघायची की जणू मी घरातलं माणूस विहिरीत ढकललं. माणूस बुडेल इतकं पाणी विहिरीत नसायचं, ही गोष्ट वेगळी.

गाव मोहर्लीच्या पलीकडचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं. मी तिथे लग्न होऊन आले तेव्हा इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. ते आमच्या गावात कधी आलेच नव्हते, त्यामुळे गेल्याचं फारसं कुणाला कळलं नाही. त्यांचा जंगलाचा शिपाई तेवढा यायचा, कोंबडी मागायचा. तो तसाच येत राहिला, कोंबडीही तशीच मागत राहिला.

माझं माहेर धानाचं. तिथे गावाला तलाव होता आणि चौथीपर्यंत शाळा होती. दोन्ही मी पुरेपूर वापरलं. सासरी दोन्ही नव्हतं. होळी झाली की गावची विहीर तळाला जायची आणि बायका नाल्यावर. नाल्याच्या वाळूत खड्डा उकरायचा आणि त्यात पाणी झिरपेपर्यंत उकिडवं बसून राहायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणत. साचलं तेवढं पाणी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याने अलगद उचलून मडक्यात ओतायचं. जोरात उचललं तर गाळ यायचा आणि मागे बसलेल्या बाईची शिवी यायची. पुरुष म्हणत, बायका नाल्यावर गप्पा मारायला जातात. एकदाही कुणी सोबत येऊन त्या गप्पा ऐकल्या नाहीत.

घरी आणलेलं पाणी मग कामाला लागायचं. तांदूळ धुतलेलं भाजी धुवायला, भाजी धुतलेलं भांडी विसळायला, भांडी विसळलेलं गाईला. अंघोळ वांग्याच्या वाफ्यात दगडावर बसून. प्रत्येकाचा वाफा ठरलेला. सासऱ्यांच्या वाफ्यातली वांगी कडू निघाली की सासू काही बोलायची नाही, नुसती त्यांच्याकडे बघायची. जेवण झालं की ताटातच हात धुवायचे. ते खरकटं पाणी कुत्र्यांचं. कुत्री पाणी पिऊन ताट चाटून लख्ख करायची, म्हणजे घासायला राख पुरायची आणि पाणी वाचायचं. आमच्या घरात खाऊनपिऊन काहीच काम न करणारा जीव एकच होता. त्याच्याशी माझं लग्न झालं होतं.

कुत्री दोन होती, एक काळं आणि एक बांडं. जंगलाच्या गावात कुत्र्याशिवाय घर नसतं, कारण रानडुकरं येतात, अस्वल येतं. पण बिबट्याला बकरीपेक्षा कुत्रं जास्त आवडतं. म्हणून दिवे लागले की कुत्री घरात घ्यायची आणि दार लावायचं. म्हणजे रात्री आम्ही कुत्र्यांची राखण करायचो, आणि दिवसा, बिबट्या झोपलेला असताना, कुत्री आमची राखण करायची. आत घेतलेलं कुत्रं जमिनीवर झोपत नाही. ते वाकळेवर येतं. आधी कडेला, मग पायाशी, आणि पहाटे बघावं तर तुम्ही जमिनीवर आणि ते वाकळेवर.

वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक शिवून केलेलं अंथरूण. आमच्या वाकळांत सासूचं विटलेलं लुगडं होतं, सासऱ्यांचं धोतर होतं, आणि मधल्या थरात आजेसासूचं पातळ होतं. माणूस मरून गेलं तरी अंथरुणातून जात नसे. या वाकळा धुवायच्या वर्षातून एकदा, नवरात्रात, नाला वाहता असताना. भिजलेली वाकळ म्हशीएवढी जड होते, पिळायला दोन बायका लागतात आणि पाणी किती पिते ते विचारू नका. त्यामुळे एका नवरात्रापासून दुसऱ्या नवरात्रापर्यंत जे काही व्हायचं ते तिच्यातच व्हायचं. चैत्र लागेपर्यंत चुलीचा धूर, मोहफुलं, लहान मूल आणि कुत्रं हे सगळं तिच्यात मुरलेलं असायचं. प्रत्येक घराच्या वाकळेचा वास निराळा. माणसं अंधारात एकमेकांच्या वाकळा ओढायची. कुत्रं कधी चुकायचं नाही.

आता सासूबद्दल. तिच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते. घागरीखाली चुंबळ ठेवून ठेवून ते गेले होते, आणि तिथली कातडी टाचेसारखी झाली होती. तिला मुलगी एकच, माझी नणंद. सतराएक वर्षांची, कामाला वाघ, तोंडाला कुलूप. सासूने गावदेवीला साकडं घातलं होतं की मुलीला असं घर मिळू दे ज्याच्या अंगणात विहीर आहे. राजा नको, सोनं नको, विहीर हवी. माझी पोरगी डोक्यावर पाणी वाहणार नाही, असं ती नाल्यावर झिऱ्याकाठी बसून सगळ्या बायकांना सांगायची. त्या बायकांनाही मुली होत्या. त्या हो म्हणायच्या आणि मागे वळून हसायच्या.

मग एक मध्यस्थ आला. गुरांच्या बाजारातली सासऱ्यांची ओळख. बैल विकता विकता तो लग्नंही जमवायचा, आणि दोन्हींत त्याचं बोलणं सारखंच असायचं. वरोऱ्याच्या अलीकडे कापसाचं गाव, तिथलं स्थळ. त्याने जमीन सांगितली, बैलजोडी सांगितली. सासू चुलीपाशी बसून ऐकत होती, तिचं लक्ष नव्हतं. मग तो म्हणाला, "आन अंगणात विहीर हाये बाई. बारमाही. दोर सोडला का बादली भरून वर."

सासूच्या हातातली फुंकणी खाली पडली.

सासऱ्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे. सासूने त्यांच्याकडे वळून सांगितलं, "विहीर हाये म्हणून राह्यले ना ते." त्यापुढे मुलाबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्याला दोन हात, दोन पाय आहेत, हे आम्हाला हळदीच्या दिवशी समजलं.

अडचण एकच होती. मुलाची आई स्वतः मुलगी बघायला येणार होती. त्या काळी बायका जात नसत, पुरुष जात, वडे खात आणि पसंत आहे म्हणत. पण या बाईचा घरच्या पुरुषांच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. मला ती न बघताच आवडली. मध्यस्थाने बजावून सांगितलं की बाई खमकी आहे, घर बघते, अंथरूण बघते, ज्या घरात हात आखडता आहे तिथली मुलगी करणार नाही. आणि हे सगळं ऐन चैत्रात, गावात कुणाच्या घरी चूळ भरायला पाणी नसताना.

सासूने ठरवलं की आपलं घर पाण्याने भरलेलं दिसलं पाहिजे. त्या दिवसापासून आमच्या अंघोळी बंद. जे पाणी यायचं ते रांजणात, धान उकडायच्या हंड्यात, मिळेल त्या भांड्यात. पाहुण्यांच्या दिवशी घर श्रीमंत दिसावं म्हणून आम्ही सगळे आठवडाभर घामाचा वास मारत हिंडत होतो. माझ्या नवऱ्याला फरक पडला नाही.

मग नणंदेला शिकवायला घेतलं. पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालताना धार बारीक धरायची नाही, हात सोडून ओतायचं. सासू पाय पसरून बसली, नणंद लोटा घेऊन उभी राहिली. शिकण्यासाठी पाणी सांडणं सासूला परवडणारं नव्हतं, म्हणून लोटा रिकामा.

"अशी नाई. भडाभडा ओत."

"माय, लोटा रिकामा हाये."

"मंग रिकामा भडाभडा ओत."

नणंदेने रिकामा लोटा पालथा केला. सासूने पायांकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. एवढंच नाही, पाय झटकलेही.

राहिलं अंथरूण. आमच्या वाकळा पाहुण्यांच्या अंगाखाली घालायच्या म्हणजे बैलगाडी फिरवून परत पाठवण्यासारखं. सासूने त्या गुंडाळून गुरांच्या कोठ्यात माळ्यावर टाकल्या आणि गावात उसन्या मागायला मला पाठवलं. स्वतः गेली असती तर मान गेली असती, सुनेला मान नसतेच. पाटलाकडून लाल खोळीची गादी मिळाली. वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, बायकोने पोपटी काठाची वाकळ दिली. शेजारणीने तिची लग्नातली दिली. प्रत्येकीने सांगितलं की धुतलेली आहे. कुठल्या पाण्याने धुतली, असं मी विचारलं नाही. मी त्या उन्हात टाकल्या, काठीने झोडपल्या. धूळ निघाली. वास कसा निघेल? तो काही धूळ नव्हता. तरी माणसाच्या नाकाला पुरेल इतका कमी झाला.

आणि आमची दोन्ही कुत्री सासूने कोठ्यात दावणीला बांधली. मोठ्या गावच्या पाहुण्यांना कुत्री अंगणात नकोत, असं तिचं मत. त्या दोन कुत्र्यांमुळे गावातलं दुसरं कुत्रं आमच्या अंगणात पाय ठेवायला भ्यायचं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं नाही, सासऱ्यांच्याही नाही. आपलं कुत्रं आपल्याला दिसतं, दुसऱ्याच्या कुत्र्याचा विचार कोण करतो.

पाहुणे रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आले. मुलाची आई, मुलाचा काका आणि मध्यस्थ. बाई हाडकुळी, उंच, डोळे मात्र मोजमाप घेणाऱ्या शिंप्यासारखे. काका जाडा. त्याने दारातच लोटाभर पाण्याने चुळा भरल्या, कोंबड्यासारखा आवाज काढून घसा साफ केला आणि सगळं पाणी कुंपणाबाहेर थुंकून टाकलं. ते पाणी मी पहाटे आणलं होतं. सासू हसत होती. दात दुखत असताना माणूस हसतो तशी.

नणंद बाईच्या पायांवर पाणी घालायला पुढे झाली. सासू मागून डोळ्यांनी सांगत होती, ओत, ओत. नणंदेने लोटा तिरपा केला आणि दोऱ्यासारखी धार धरली. हात ऐकेना. वर्षानुवर्षांची सवय रिकाम्या लोट्याने सुटते होय. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण डाव्या पायाने तिने कोपऱ्यातलं घमेलं हळूच सरकवून बाईच्या पायांखाली आणलं. पायांचं पाणी घमेल्यात पडलं. सासूने डोळे मिटून घेतले. बाईने घमेल्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं आणि आत आली.

जेवणं झाली. वडे झाले होते, कढी झाली होती, काका दोन माणसांचं जेवला. मग घरापुढच्या छपरीत गादी आणि वाकळा घातल्या आणि पाहुणे दुपारचे लवंडले. गादीवर बाई, पोपटी वाकळेवर काका, लग्नातल्या वाकळेवर मध्यस्थ. सासूने त्या तिन्ही अंथरुणांकडे अशा नजरेने बघितलं, की तीच आम्ही रोज वापरतो हे तिलाही खरं वाटायला लागलं.

पहिली आली वाढयाची म्हातारी कुत्री. अंगणातून सरळ छपरीत आली, वास घेतला, पोपटी वाकळेवर गोल फिरली आणि काकाच्या पोटाला पाठ लावून पसरली. काकाने झोपेतच तिच्या अंगावर हात टाकला. मग पाटलाचा लाल कुत्रा आला. त्याला कुणाची परवानगी घ्यायची सवय नव्हती, तो गादीवर बाईच्या उशाशी जाऊन बसला. शेवटी शेजारणीचं लंगडं आलं आणि त्याने मध्यस्थाचा पाय वाकळेवरून ढकलायला सुरुवात केली, कारण त्याची झोपायची जागा तीच होती.

बाई उठून बसली. सासू आतून धावत आली आणि हाड हाड करायला लागली. एकही कुत्रं उठेना. आपल्या अंथरुणावर झोपलेलं कुत्रं का उठेल? त्यांनी सासूकडे असं बघितलं की तीच परक्या घरात शिरली आहे.

"कोणाचं हाये हे?" बाईने लाल कुत्र्याकडे बोट केलं.

"आमचंच," सासू म्हणाली.

"आन ते?"

"तेही आमचंच."

"लंगडं?"

"जंगलाचं गाव हाये बाई. कुत्रे लागतात."

तेवढ्यात कोठ्यातून आमच्या काळ्याने आणि बांड्याने गळा काढला. परकी कुत्री घरात शिरल्याचा वास त्यांना लागला होता. दोघं दाव्याला हिसके देत होते आणि सगळा कोठा हलत होता.

बाईने शांतपणे विचारलं, "आन ते कोठ्यात भुकून राह्यले, ते कोणाचे?"

काका जागा झाला, कुशीत काय आहे ते बघितलं आणि ओरडत उठला. मध्यस्थ झोपेचं सोंग घेऊन तसाच पडून राहिला. बैलांच्या बाजारात लाथ बसते तेव्हाही तो असाच पडून राहत असावा. सासू आणि सासरे कुत्री हाकलत होते, काका धोतर झटकत होता, आणि या गोंधळात बाई उठून मागच्या अंगणात आली. तिथे मी आणि नणंद भांडी घासत होतो.

तिने तोंडावर मारायला पाणी मागितलं नाही. ती आमच्या भांड्यांच्या ओळीपाशी उभी राहिली आणि नणंदेला विचारलं, "हे कायचं पाणी?"

"भाजी धुतलेलं."

"आन हे?"

"तांदळाचं. पहिले हे, मंग ते."

"घमेल्यात?"

"तुमच्या पायाचं हाये. वांग्याले जाईल."

बाई हसली नाही. पाणी कुठून आणता, डोक्यावर किती घागरी घेते, असं विचारलं. नणंदेने खरं सांगितलं. तिला खोटं शिकवायला सासूला वेळ पुरला नव्हता. मग बाईने पुढे होऊन नणंदेची मान दोन बोटांनी दाबून बघितली. मला वाटलं, आता दात बघते. विहिरीच्या घरच्या बाईला सुनेची मान कशाला बघायची असते, हा प्रश्न मला तिथेच पडला. पण सुनेला पडलेले प्रश्न आमच्या घरात कुणी विचारून घेत नसे.

ती छपरीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "पोरगी पसंत हाये. वाकळा मात्र घरच्याच टाकाच्या होत्या बाई."

सासूचा चेहरा काळा पडला आणि लगेच उजळला. दोन्ही एका क्षणात झालं. "घरच्या टाकल्या असत्या तर तुमी बसल्या असत्या काय?" तिने विचारलं.

"आमच्या तरी कुठी धुतलेल्या हायेत," बाई म्हणाली.

पाहुणे गेल्यावर सासूने घरात गूळ वाटला. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा खडा दिला. वडे जमले म्हणून स्थळ जमलं, असं तिचं म्हणणं पडलं. संध्याकाळी मी वाकळा परत करायला गेले तेव्हा तीही आली, आणि वाढयाच्या बायकोला म्हणाली की तुमच्या कुत्रीला रीत नाही. ती म्हणाली, "वाकळ नेली तवा कुत्रीले विचारलं होतं काय?"

वैशाखात लग्न झालं. दिवाळीनंतर आम्ही दोघी नणंदेला भेटायला गेलो. विहीर खरंच होती. दगडी, पक्की बांधलेली, वर गडगडा. सासूने लुगडं खोचलं आणि स्वतः बादली ओढली. एक ओढली, पायांवर ओतली. दुसरी ओढली, पायांवर ओतली. जन्मात पहिल्यांदा तिने भडाभडा ओतलं, तेही रिकाम्या लोट्याने नाही. पण प्यायली थेंबभर नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईने लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्याकडची रीत. ती घरून तुंबाभर नाल्याचं पाणी सोबत घेऊन आली होती. विहिरीच्या काठावर बसून ते गढूळ पाणी पीत होती आणि विहिरीत वाकून वाकून बघत होती.

मला तसली रीत नव्हती. मी त्या विहिरीच्या पाण्याने चूळ भरली आणि तशीच थुंकली. मचूळ, तुरट, जिभेला चुन्यासारखं चिकटणारं. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती आणि चहा फाटत होता. गुरं प्यायची, कपडे धुवायचे, सारवण व्हायचं. प्यायचं आणि शिजवायचं पाणी गावाबाहेरच्या मळ्यातून, पार ओढ्याच्या पलीकडून, डोक्यावर. घरातल्या जुन्या दोन्ही सुना आजारपणं काढून बसल्या होत्या. नवी सून मान बघून आणली होती. नणंद पहाटे उठून सगळ्या खेपा उरकून घ्यायची, आई जागी व्हायच्या आत. मी तिच्यासोबत एक खेप केली. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "वहिनी, मायले सांगू नको." मी सांगितलं नाही. सांगून विहीर गोड होणार नव्हती.

सासू मात्र वर्षभर झिऱ्याकाठी बसून विहिरीच्या गोष्टी सांगत होती. गडगडा कसा वाजतो, पाणी किती वर आहे. मागे वळून हसणाऱ्या बायका आता हसेनाशा झाल्या. त्यांनाही वाटायला लागलं की देव कधीकधी ऐकतो.

मध्यस्थ एकदा बाजारात भेटला तेव्हा मी त्याला धरलं. तो बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. म्हणाला, "तुमच्या सासूले विहीर पाहिजे होती. म्या सांगितलं हाये. गोड हाये काय, हे कोणी विचारलंच नाई." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बैलाचं वय सांगायला लागला.

नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पाचव्या दिवशी सासू तिच्या डोक्याला तेल घालायला बसली. मी शेगडी घेऊन शेजारी होते. सासूचा हात टाळूवर, चुंबळीच्या जागी गेला आणि थांबला. तिने केस बाजूला केले, बघितलं, आणि पुन्हा झाकले. तेल तिच्या बोटांवरून नणंदेच्या कपाळावर ओघळलं. मुलीने वर बघितलं नाही, आईने विचारलं नाही. मग सासूने मला हाक मारून सांगितलं की शेगडीत विस्तव कमी आहे. विस्तव भरपूर होता. मी आणखी आणला.

त्या दिवसापासून झिऱ्याकाठी विहिरीची गोष्ट बंद झाली. बायका विचारायच्या, ती म्हणायची तुंबा इकडे दे.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा आम्ही त्या दोघांना सासरी पोचवायला गेलो. सासू पाळणा मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. पोचल्यावर विहीणबाईंनी चांगलं स्वागत केलं, पुरणाचं जेवण केलं. आता मूल झालं होतं, रीत संपली होती, लेकीच्या घरचं पाणी चालणार होतं. विहीणबाई माठातलं पाणी तांब्यात घेऊन आल्या. ते मळ्यातलं, गोड. सासूने तांब्या हाताने बाजूला केला.

"विहिरीचं द्या," ती म्हणाली.

विहीणबाई घुटमळल्या. म्हणाल्या, हे गार आहे, हेच घ्या. सासू ऐकेना. ती उठली, विहिरीवर गेली, बादली ओढली. नणंद बाळाला घेऊन दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. काका ओट्यावर होता, तो सुपारी चघळायचा थांबला. सगळ्या घराला माहीत होतं काय होणार ते. सासूने लोटा बुडवला, तोंडाला लावला आणि पिऊ लागली. मी ज्याची चूळ थुंकली होती ते पाणी ती घोट घोट करत लोटाभर प्यायली. मध्ये थांबली नाही. लोटा पालथा करून विहिरीच्या काठावर ठेवला.

विहीणबाईंकडे बघून म्हणाली, "गोड हाये."

विहीणबाईंनी खाली बघितलं. खमक्या बाईला खाली बघताना मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं. नणंद आत निघून गेली. त्यानंतर विहीणबाईंनी एका म्हाताऱ्या गड्याला पाण्याच्या खेपांना लावलं, असं नणंदेने पुढे सांगितलं. निम्म्या खेपांना. पूर्ण नाही. विहीणबाईंना लाज वाटली होती, वेड लागलं नव्हतं.

ते पाणी पोटात राहणारं नव्हतंच. परतीच्या वाटेवर सासूने ठिकठिकाणी गाडी थांबवायला लावली. लुगडं सावरत उतरायची, पळसाच्या झुडपामागे जायची, पिवळी होऊन परत यायची. गाडीवान आधी गप्प होता, मग हसायला लागला. एका ठिकाणी त्याने विचारलं, काय झालं बाई.

"पुरण बाधलं," सासू म्हणाली.

पुरण मीही खाल्लं होतं, तिच्या दुप्पट. मी बैलांकडे बघत बसून राहिले.